तरीच बरणी लहान

मे संपत आला की आमच्याकडे कैरीचं लोणचं घातलं जातं. एक बरणी घरची, एक नणंदेची आणि एक ऑफिसची. ऑफिसची बरणी चिनी मातीची, वर तपकिरी आणि खाली पिवळट, चांगली दोन किलोची. जूनमध्ये ती कॅन्टीनच्या खिडकीत जाऊन बसली की पुढच्या मार्च-एप्रिलपर्यंत आमच्या टेबलाला पुरायची. रिकामी झाली की स्टोअरवाले काका ती धुऊन, शेडमागच्या उन्हात वाळवून मला परत द्यायचे. आत गावाकडच्या भुईमुगाच्या शेंगा असायच्या. दरवर्षी.

२०१७च्या जूनमध्ये मी काचेची बरणी नेली. अर्ध्या किलोची, लाल झाकणाची, मूळची कसल्याशा जॅमची. ९ ऑगस्टला मी भोसरीच्या कारखान्यातली ती नोकरी सोडणार होते आणि टेबलावर कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. दोन महिन्यांसाठी दोन किलो लोणचं कशाला, असा सरळ हिशोब मी केला. परचेसमध्ये, म्हणजे खरेदी खात्यात, तेरा वर्षं काढलेल्या बाईला खपाएवढाच माल आणायची सवय लागलेली असते. त्याच हिशोबात आपण सापडू, हे डोक्यात आलं नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. हिंजवडीला असतो, फेज थ्रीत. गेल्या महिन्यात रविवारी रात्री त्याचा फोन आला. "मावशी, ऑफर आलीय. लेटरपण आलंय. मॅनेजरला उद्या सांगतोय. पण टीमला कधी सांगू?"

मी म्हटलं, "थांब, दहा मिनिटांत करते." त्याला वाटलं गॅसवर काहीतरी असणार. गॅसवर काही नव्हतं. मला ती लाल झाकणाची बरणी दिसत होती.

नोकरी सोडताना कुणाचं काय देणं लागतं, याचे नियम तसे चोख आहेत. नियुक्तिपत्रात नोटीस पिरियड असतो. माझा दोन महिन्यांचा होता, भाच्याचा नव्वद दिवसांचा आहे. ग्रॅच्युइटीला माझ्या वेळी १९७२चा कायदा होता: सलग पाच वर्षं भरली की शेवटच्या मूळ पगाराला २६नं भागायचं, १५नं गुणायचं आणि जितकी वर्षं झाली तितक्यानं पुन्हा गुणायचं. माझा मूळ पगार २०,८०० होता. कालनिर्णयच्या मागच्या पानावर दुधाच्या हिशोबाशेजारी मी ते गणित मांडलं तर उत्तर आलं १,५६,०००. तेरा वर्षं सहा आकड्यांत बसली, तीही सुबक. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा नंबर, आपल्याबरोबर येतो, उरलेल्या रजांचे पैसे होतात, फुल अँड फायनलच्या कागदावर चार खात्यांच्या सह्या लागतात. स्टोअरची सही म्हणजे तुमच्याकडे कंपनीचा व्हर्नियर, कात्री, टेप असं काही राहिलेलं नाही याची. सगळं लिहिलेलं. शेजारच्या टेबलाला किती दिवस आधी सांगायचं, तेवढं कुठल्या कागदावर नाही.

मग माणसं आपापल्या परीनं मुहूर्त काढतात. भोसरीत राजीनाम्याचा हंगाम दिवाळीनंतरचा. माझ्या वेळी बोनसच्या १९६५च्या कायद्यात आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्या असं होतं, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आत. पण दिवाळीआधी दिला नाही तर गेटवर काय होईल हे मालकाला कायद्यापेक्षा जास्त कळतं. तो खात्यात पडला की दुसऱ्या आठवड्यात एकेकाचं "साहेब, जरा बोलायचं होतं" सुरू होतं. तोवर सगळे इतके गोड वागत असतात की ऑक्टोबरमध्ये जो जास्त गोड, तो चालला असं खुशाल समजावं. हिंजवडीत हेच अप्रेझलच्या मागेपुढे चालतं म्हणे.

माझ्या आईचं मत याबाबतीत एकदम पक्कं. पत्र हातात पडल्याशिवाय कुणाशी बोलू नये. तिच्या लेखी पोटातलं मूल, जमत आलेलं लग्न, घेतलेली जागा आणि नवी नोकरी यांना एकच कलम लागू. तीन महिने होईस्तोवर, साखरपुडा होईस्तोवर, इसार दिल्याशिवाय, पत्र आल्याशिवाय तोंड बंद. नाहीतर दृष्ट लागते. दृष्टीचं मला माहीत नाही, पण आमच्या क्वालिटीतल्या एकाचं काय झालं ते माहीत आहे. २०१२ साली त्याला गुजरातमध्ये साणंदच्या एका कंपनीनं तोंडी हो म्हटलं. त्यानं त्याच दिवशी पेढे आणले. मग तिथलं क्वार्टर किती खोल्यांचं आहे, पोराला कुठल्या शाळेत घालायचं, तिकडे चहात साखर किती घालतात, सगळं टेबलावर झालं. बाजारात तुरी म्हणतात ती ही. पत्र आलंच नाही. तो बिचारा आमच्यातच राहिला आणि शॉप फ्लोअरवर त्याचं नाव पडलं 'साणंद'. मी नोकरी सोडली तोपर्यंत, म्हणजे पाच वर्षांनीही, "काय साणंद, रिपोर्ट झाला का?" असंच चालू होतं. नवीन पोरांना तर ते त्याचं आडनाव वाटायचं.

तेव्हा पत्राआधी बोलू नये, इथवर आई बरोबर. घोळ पत्रानंतरचा आहे.

मला तो घोळ कळायला हवा होता, कारण मी एकदा त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. २००९चा फेब्रुवारी. मंदीचे दिवस. आदल्या दिवाळीनंतर मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले होते, म्हणजे काही दिवस कारखाने सरळ बंद ठेवले होते, आमची शेड्यूल्स निम्म्यावर आली होती, ओव्हरटाइम बंद होता आणि कुणाला काढणार याची रोज नवी यादी संडासाच्या बाहेर तयार व्हायची. मी तेव्हा परचेसमध्ये असिस्टंट. माझ्या सिनिअरनं एका मंगळवारी आणि बुधवारी मला संध्याकाळी थांबवून घेतलं आणि एकेक व्हेंडरची फाइल उघडून समजावायला लागला. हीट ट्रीटमेंटवाला 'उद्या' म्हणाला की परवा समजायचं. प्लेटिंगवाला 'बघतो' म्हणाला की काम झालंच. अमक्याला फोन सकाळी करायचा, दुपारनंतर तो सापडत नाही. मला कळेना हे आजच का. सहाची बस चुकली होती, भूक लागली होती, घरी मुलगी लहान. मी सरळ जांभया देत होते. तोंडावर हात धरून द्याव्यात एवढंही केलं नाही.

गुरुवारी आमची सुट्टी. शुक्रवारी आले तर त्याचं टेबल मोकळं. भिंतीवरचं कॅलेंडरही नेलं होतं, तिथं चुन्याचा पांढरा चौकोन तेवढा राहिला होता. साहेब म्हणाले, "ते सोडून गेले. आता तुम्हीच बघायचं."

त्या दोन संध्याकाळी मला जे मिळालं ते हँडओव्हर होतं. फक्त ते हँडओव्हर आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये कास्टिंगवाल्यानं पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाच्या नमुन्याच्या, पैशांचं बिल पाठवलं. मला सिनिअरचा आवाज लख्ख आठवला: "पॅटर्नचे पैसे आपण आधीच..." आधीच काय? देऊन टाकलेत? रेटमध्ये धरलेत? पुढचं वाक्य माझ्या जांभईत गेलं होतं. फाइलमध्ये काही सापडलं नाही. आम्ही १८,००० रुपये दिले आणि सहा महिन्यांनी ऑडिटमध्ये निघालं की ते आधीच दिलेले होते. फोन करून विचारता आलं असतं. नंबर होता माझ्याकडे. पण मी रुसले होते. इतकी वर्षं शेजारी बसून यानं मला सांगितलं नाही, मग मी का फोन करू? अठरा हजारांतले निम्मे त्याच्या गप्प बसण्याचे आणि निम्मे माझ्या रुसव्याचे, अशी वाटणी मी पुढे मनातल्या मनात केली.

त्याला बरीच वर्षं मी नावं ठेवत होते. सांगितलं असतं तर वही घेऊन बसले असते, एवढंच माझं म्हणणं होतं.

आणि मग आठ वर्षांनी मी तेच केलं.

चाकणच्या कंपनीचा इंटरव्ह्यू २५ मेला झाला, गुरुवारी. त्यांची सुट्टी रविवारची आणि आमची गुरुवारची, त्यामुळे रजेसाठी कुणाला आजारी पाडावं लागलं नाही. तेवढं एक खोटं वाचलं. पत्र ७ जूनला आलं. ९ जूनला, शुक्रवारी, मी साहेबांच्या हातात राजीनामा दिला. त्यांनी वाचला, घडी घातली, पेपरवेटखाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, जीएसटी मार्गी लागेपर्यंत कुणाला बोलू नका. लोक बिथरतील."

मी "बरं" म्हटलं. आता खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. सांगायचं काम लांबणीवर पडलं, तेही वरच्या हुकमानं.

त्या जूनमध्ये कुठल्याही कारखान्याच्या परचेस, स्टोअर आणि अकाउंट्समध्ये ज्यानं काम केलंय त्याला वेगळं सांगायला नको. १ जुलैपासून जीएसटी. आमच्या यादीत २४० व्हेंडर. प्रत्येकाकडून नवा नंबर मागवायचा, २७नं सुरू होणारा, पंधरा खणांचा. निम्मे जण विचारायचे, "मॅडम, आम्हाला लागू आहे का ते?" प्रत्येक आयटमला एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा नंबर, शोधायचा. बोल्ट आणि स्क्रू एकात, वॉशर त्यातच, पण प्लास्टिकचा असेल तर वेगळा. उघड्या पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, बंद करून नव्या टॅक्सच्या काढायच्या. आणि ३० जूनचा साठा मोजायचा, कारण त्यातल्या मालावर भरलेल्या एक्साइजचं क्रेडिट नव्या हिशोबात ओढून घ्यायचं होतं. मोजणी चुकली की पैसे गेले. काका आणि त्यांची दोन पोरं रॅकवर चढून बार मोजत होती. काकांच्या भुवयांवर गंजाची पूड बसली होती.

"ताई, पुढच्या वर्षी हे असं परत नाही ना?"

"नाही काका. आपल्याला एकदाच करायचंय."

आपल्याला. मराठीत हे एक अवघड दुखणं आहे. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. ऑफिसात दिवसाला शंभर वेळा आपण 'आपण' म्हणतो. आपण रेट रिव्हाइज करू, आपण सप्टेंबरला बघू, आपण त्याला डेबिट नोट मारू. ९ जूननंतर त्या 'आपण'मध्ये मी नव्हते आणि तरी तोंडातून शब्द तोच येत होता. दुसरा शब्द वापरला असता तर कळलं असतं. एकदोनदा मी 'तुम्ही' म्हणता म्हणता थांबलेली मला आठवते. खोटं बोलायचं म्हणजे काहीतरी रचावं लागतं असं मला वाटायचं. इथं व्याकरण तेवढं सांभाळलं तरी पुरत होतं.

त्या महिन्यात मी वस्तूही एकेक घरी नेत होते. एसीत अंगावर घ्यायची शाल, स्टीलचा पेला, टेबलाखालच्या चपला, मुलीनं तिसरीत काढून दिलेला गणपती. रोज एक, पर्समधून. चोरी करताना माणूस आत आणतो की बाहेर नेतो, काय म्हणायचं याला, माहीत नाही. स्वतःच्या वस्तू मी चोरासारख्या नेल्या एवढं खरं.

आणि मग माझी ज्युनिअर. चार वर्षं माझ्या हाताखाली. हुशार, थोडी घाबरट, वाघोलीकडून दोन बस बदलून यायची. १४ जूनला, बुधवारी, झेरॉक्सपाशी तिनं मला हळूच विचारलं, "मॅडम, रांजणगावहून बोलावणं आलंय. मला सोयीचं पडेल. काय करू?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता चांगलं माहीत आहे. जा, एवढा एक शब्द पुरला असता. किंवा 'मला विचारू नकोस', तेही चाललं असतं. मी म्हटलं, "आत्ता कुठं जातेस? जीएसटी आपण दोघी मिळून काढू. शिकायला मिळेल तुला. दिवाळीनंतर बघ."

यात माझा काही डाव नव्हता. असा प्रश्न आला की वरिष्ठ बाई जे बोलते ते तोंडून गेलं, सवयीनं. पण तिनं रांजणगावला 'नाही' असं कळवलं. माझ्या शब्दावर कळवलं.

७ जुलैला, शुक्रवारी, प्लेटिंगवाल्याचा टेम्पो आला. प्लेटिंगवाला चाकणच्या कंपनीचंही काम करायचा, आणि परचेसला कोण येणार, कोण जाणार हे व्हेंडरला मालकाच्या आधी कळतं, त्याचं पोट त्यावर असतं. टेम्पोच्या ड्रायव्हरनं स्टोअरच्या खिडकीत चलन ठेवलं आणि म्हणाला, "तुमच्या परचेसच्या मॅडम चाकणला चालल्या ना?" काकांनी चलनावर इनवर्डचा शिक्का मारला, वेळ घातली १२.२०. हे मला नंतर कळलं. तो कागद माझ्याच टेबलावर आला, जीआरएनसाठी, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीसाठी.

साडेबाराला आम्ही जेवायला बसलो. पाच जण: काका, साणंद, अकाउंट्सच्या मॅडम, ज्युनिअर आणि मी. डबे उघडले. काकांनी बरणी हातात घेतली, फिरवून बघितली. तळाशी दोन बोटं लोणचं उरलं होतं.

"तरीच बरणी लहान," ते म्हणाले. माझ्याशी नाही, बरणीशी. आणि लोणचं न घेता त्यांनी ती परत ठेवली.

अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं, "म्हणजे?" मग मला सगळं सांगावं लागलं. मी तोंडातला घास गिळून, पाणी पिऊन सांगितलं. कुठं चाललीस, पगार किती वाढला, का चाललीस, यातलं कुणीही काही विचारलं नाही. हे प्रश्न येतील म्हणून मी महिनाभर उत्तरं घोटत होते. ज्युनिअरनं एकच विचारलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सात जूनपासून."

तिनं मनात मोजलं. मोजताना ओठ हलतात तिचे, बिल जुळवतानाही हलायचे. "मी तुम्हाला रांजणगावचं विचारलं ती चौदा तारीख होती," ती म्हणाली आणि डबा बंद केला. अर्धी पोळी आत तशीच होती.

आमच्याकडे एखादा पीस खराब निघाला की क्वालिटीवाले तेवढाच बाजूला काढत नाहीत. बिघाड कुठल्या तारखेला शिरला ते शोधतात आणि त्या तारखेपासूनचा सगळा लॉट होल्डवर टाकतात. लाल चिठ्ठी लावून. त्यातले बहुतेक पीस चांगलेच असतात, पण पुन्हा एकेक हातात घेऊन तपासावा लागतो. 'कधीपासून' या प्रश्नाचा अर्थ हाच असतो. सात जून ही तारीख मिळाल्यावर माझं त्या महिन्यातलं सगळं बोलणं होल्डवर गेलं. काकांना मी "आपल्याला एकदाच" म्हटलेलं. तिला भेळ खायला घातलेली. साणंदच्या पोराच्या दहावीच्या टक्क्यांवर टाळी दिलेली. चांगले पीस होते ते. पण तपासून घेणार कोण?

राहिलेला महिना कामाचा झाला. ज्युनिअरनं दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक व्हेंडर लिहून घेतला, एकही जांभई न देता. मी पॅटर्नच्या पैशांची वेगळी यादी करून दिली, दिलेले आणि द्यायचे असे दोन रकाने. ती म्हणाली, "ठीक आहे मॅडम, आम्ही बघू." आम्ही. काका मला 'ताई' म्हणायचे, ते 'मॅडम' म्हणायला लागले. आवाज तोच, आदरही तोच, उलट थोडा जास्त. आपल्याकडे माणसाला लांब ठेवायचं असेल तर मान द्यायचा, हे शस्त्र फार जुनं आहे.

सेंड ऑफ झाला. वेफर्स, सामोसे, केक, भिंतीवरचं घड्याळ. वर्गणीच्या कागदावर काकांचं नाव होतं आणि पुढं शंभर रुपये, सगळ्यांसारखे. साहेबांनी भाषणात "कुटुंबातला सदस्य" म्हटलं. मी गेटवर वॉचमनला सवयीनं "येते हं" म्हणून निघाले. फुल अँड फायनलच्या कागदावर स्टोअरची सही वेळेत झाली होती. काकांनी शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'काही बाकी नाही.' छापील फॉर्मवर तेच लिहायचं असतं. तरी मी ते दोनदा वाचलं.

पुढच्या जानेवारीत ज्युनिअर घरी आली. तिला सणसवाडीला नोकरी लागली होती. रांजणगावची जागा कधीच भरली गेली होती. पेढे आणले तिनं, माझ्या मुलीशी गप्पा मारल्या, आणि निघताना पिशवीतून लाल झाकणाची बरणी काढली. "काकांनी दिलीय." धुतलेली, उन्हात वाळवलेली. मोहरीचा वाससुद्धा राहिला नव्हता. सासूबाईंनी झाकण उघडून आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"रिकामी?"

मी म्हटलं, "हो."

तर भाच्याला दहा मिनिटांनी फोन केला तेव्हा यातलं काही सांगितलं नाही. त्याला एवढंच विचारलं, "तुझं काम कुणाच्या गळ्यात पडणार?"

"आमच्याच टीममधला एक. त्यानंच मला इथं आणलं."

"त्याचं काही चाललंय का? बदली, घर, लग्न, काही?"

तो जरा थांबला. "ऑनसाइटचं विचारलंय त्याला. तो जाणार नाही म्हणतोय. इथलं आपण दोघं सांभाळू म्हणतोय."

आपण दोघं. मी म्हटलं, "मॅनेजरला सकाळी सांगतोयस ना? मग त्याला उद्याच. दुपारच्या आत. मॅनेजर कुणाला बोलू नको म्हणाला तर म्हण की एकाला सांगणं भाग आहे. बाकीच्यांचं परवा, तेरवा, तुला वाटेल तेव्हा."

भाचा म्हणाला, "मावशी, आमच्याकडे पेपर टाकले की नव्वद दिवस माणूस नुसता शोभेला असतो. केटी देतो, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला समजावतो, आणि चहा पितो. सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी नवीन काही सांगतच नाही. त्यापेक्षा उशिरा सांगितलेलं बरं, असं वाटतं."

यात तथ्य आहे. तीन महिने 'जाणारा माणूस' म्हणून बसणं सोपं नसतं. लोक जेवायला बोलावतात पण पुढच्या सहलीचं बोलताना आवाज खाली करतात. म्हणून सगळ्यांना ताबडतोब सांगा असं मी म्हणणारच नाही. पंचवीस जणांच्या टीममध्ये बावीस जणांना तुमच्या जाण्यानं काडीचा फरक पडत नाही, त्यांना शेवटच्या दिवशीची इंग्रजी मेल पुष्कळ झाली. प्रश्न उरलेल्या दोन-तीन जणांचा असतो. जे आपलं काहीतरी आपल्या भरवशावर ठरवत असतात.

"त्यालाच सांगायची भीती वाटते," भाचा म्हणाला.

"म्हणजे पहिला तोच," मी म्हटलं. सोमवारी त्यानं सांगितलं की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यानं कळवलं नाही. तरुण मुलांना सल्ला देऊन झाल्यावर मागे लागू नये.

काकांचं मात्र राहिलं. निवृत्ती हा एकच निरोप असा, की त्याची तारीख सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असते. काका ५८चे झाले २०१९च्या मे महिन्यात. एप्रिलच्या शेवटी त्यांचा फोन आला. दोन वर्षांतला पहिला.

"मॅडम, ३१ मेला शेवटचा दिवस. शुक्रवार आहे. चार वाजता कार्यक्रम. एक महिना आधी सांगतोय." आणि थांबले. मुद्दाम थांबले, मला ऐकू आलं ते थांबणं.

"येते काका."

"या."

त्या वर्षी लग्नकार्यात लोणचं राहून गेलं होतं. मी शेवटच्या रविवारी कैऱ्या आणल्या, रात्री बसून फोडी केल्या आणि चिनी मातीची मोठी बरणी भरली. शुक्रवारी चाकणहून अर्धा दिवस टाकून भोसरीला गेले. गेटवरचा वॉचमन नवीन होता, त्यानं रजिस्टरमध्ये माझं नाव लिहायला लावलं आणि 'कुणाला भेटायचे' या रकान्यापाशी बोट ठेवलं. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. काका शाल खांद्यावर घेऊन बसले होते, हातात नारळ, कपाळाला कुंकू. साणंदनं मला बसायला जागा करून दिली.

भाषणं संपल्यावर मी बरणी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी नारळ बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी बरणी उचलून वजन बघितलं. स्टोअरवाला माणूस, हातात घेतल्याशिवाय इनवर्ड करत नाही. मग दादरा सोडला, वाकून वास घेतला.

"कधी घातलंय?"

"रविवारी."

"मुरायचंय अजून," ते म्हणाले, आणि दादरा पुन्हा घट्ट बांधायला लागले.